दाराचं भजन

सिंदी रेल्वे या गावातल्या देवळाचं दार वर्षातून एकदाच, भर उपासनेच्या वेळी, आतून लावून घेत. देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. आपल्याकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही आणि आपणही वाटून घेऊ नये. तर तो दिवस हंगामाच्या उपासनेचा. ज्वारी खुडून झाली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सारी मंडळी आपल्या पिकातलं काहीबाही देवाला वाहायला आणायची. ज्यांना वावर होतं ते कणसं आणत, तुरीच्या शेंगा आणत. ज्यांना नव्हतं ते बाजारातून कोहळं विकत घेऊन आणत आणि स्वतःच पिकवल्याच्या थाटात चालत. एखादी बाई कोंबडी आणायची, आणि ती कोंबडी पाळकांच्या, म्हणजे पाद्रीबाबांच्या, प्रार्थनेत हटकून बोलायची.

मंडळी आत बसली की दार लागायचं. बाहेर पायरीवर भजनमंडळी उभी राहायची, आणि मुख्य गायक चिपळ्या वाजवत ओळ टाकायचा:

उघडा दार, धनी, उघडा दार,
तुमच्याच रानाचा आणला भार.

आतून, बंद दाराच्या पलीकडून, झीलकरी उत्तर द्यायचा:

या हो आत, या, मोकळंच दार,
धन्याच्या घरी नाही कुणा नकार.

झील म्हणजे मुख्य गायकाने टाकलेली ओळ उचलून धरणं. झील भक्कम असली की साधा गळाही तरून जातो, आणि झीलच आली नाही तर मोठ्या गवयाचीही फजिती होते. अशी तीनदा मागणी, तीनदा झील, मग दार उघडायचं आणि कणसांचे भारे आत जायचे. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नव्हतं. लक्ष्मण मास्तर नावाचे एक प्रचारक गावोगाव कीर्तनं करत फिरत, त्यांनी ही रीत पाडली. आणि तिच्याबरोबर आणखी एक रीत पाडली. मुख्य गायकाच्या त्या शिसवी चिपळ्या कुणी विकत घ्यायच्या नाहीत, मागायच्याही नाहीत. ज्याच्याकडे आहेत त्याने, गळा थकला की, दाराचं भजन संपल्यावर त्याच पायरीवर दुसऱ्याच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायचं, "आता तू म्हन." मास्तरांनी त्या अशाच भजनमंडळीतल्या रूपरावांच्या हातात ठेवल्या होत्या. आधी चकार शब्दाने बोलले नव्हते. रूपराव तेव्हा कापसाच्या जिनात नुकते लागले होते, अंगावरच्या सदऱ्याला सरकी चिकटलेली होती, आणि ते पायरीवरच रडले होते.

त्या दिवसापासून दाराबाहेर रूपराव आणि दाराआत श्रावण. श्रावण शिंपी, स्टेशन रोडवर त्याचं दुकान. गळा रूपरावांपेक्षा पातळ, पण पक्का. ओळ कुठे घसरणार हे त्याला रूपरावांच्या आधी कळायचं. दोघांची मैत्री अशी की एकाला ठेच लागली तर दुसरा लंगडायचा. तीस वर्षांत श्रावणने कधी मुख्य ओळ म्हटली नाही. रूपरावांनी कधी म्हण म्हटलं नाही. त्यांच्या मनात काही काळं होतं असं नाही. घरातल्या खांबाला कुणी विचारतं का, बाबा, तुला बसायचंय का?

आता गाण्याचं म्हणाल तर सत्तर साल उलटल्यापासून देवळात वारं फिरायला लागलं होतं. आधी नागपूरच्या कन्व्हेन्शनहून, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याहून, पोरं टाळ्या घेऊन आली. टाळ्या म्हणजे हाताच्या, एका हिंदी कोरसला इतक्या की शेवटी तळवे लाल. मग श्रावणच्याच पोराने, विलासने, गिटार आणली. विलास सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला, केस मानेपर्यंत, पोरगा मात्र वाईट नव्हता. म्हाताऱ्या बायकांना हात धरून पायरी चढवायचा. मग कॅसिओ आला, माइक आला, आणि त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात ड्रमसेट आला. त्या ड्रमसेटला जागा करायची म्हणून समोरची चटई उचलली. त्या चटईवर भजनमंडळी बसायची.

आनंदाबाई, रूपरावांची बायको, बोलली. "चटई गेली, उद्या तुमाले उचलतीन."

"पोराईचं बी देऊळ हाय न," रूपराव म्हणाले. "रविवार त्याईले घेऊ दे. आपल्याले वर्साचा एक दिस पुरे हाय. दार आपलं हाय."

आणि ते मनापासून बोलत होते. नवीन पाळकसाहेब नागपूरहून आलेले, तरुण, गोड बोलणारे. त्यांनीही सांगितलं होतं, "रूपरावजी, दाराचं भजन म्हणजे आपल्या मंडळीची ओळख. त्याला कोण हात लावणार?" रूपरावांनी ते गाठीला बांधून ठेवलं.

पण गळा कुणाचं ऐकतो? दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी देवळामागच्या विहिरीच्या कट्ट्यावर दोघं सराव करत होते. 'उघडा' हा शब्द वर चढतो, तिथे रूपरावांचा आवाज फाटला. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. श्रावणने ती ओळ खालून उचलून धरली, तीस वर्षं धरत आला होता तशी. रूपरावांनी चिपळ्या मांडीवर ठेवल्या.

"श्रावण, माह्या गळ्यानं जवाब देल्ला गड्या. यंदाचं शेवटचं."

"असं काय बोलून राह्यला भाऊ? सुंठ चघळत जाय."

"सुंठीनं काई होत नाई आता. कोनाले सांगू नोको पन. मी दारातच सांगीन सगळ्याईले."

"नाई सांगत," श्रावण म्हणाला. त्याने एक खडा विहिरीत टाकला. मग म्हणाला, "मंग पुढं कसं?"

"पाहू ना. देव हाय," रूपराव म्हणाले, आणि मनातल्या मनात हसले. कारण पुढचं त्यांनी कधीच ठरवलं होतं. चिपळ्या श्रावणला द्यायच्या. आणि ते सांगायचं नाही. दारात, सगळ्यांसमोर, मास्तरांनी दिल्या तशा द्यायच्या, आणि श्रावणचं तोंड बघायचं.

घरी आल्यावर आनंदाबाई म्हणाली, "अवो, सांगून टाका ना त्याले. जीव तरी थंडा होईन त्याचा."

"आधी सांगतलं तं मजा काय? मास्तरानं मले सांगतलं होतं का?"

झालं! माणसाला एखाद्याचं भलं करायचं असेल तर ते लवकर करावं. रूपरावांनी गुपित राखलं लहान पोरासारखं, आणि श्रावणच्या पोटात 'मंग पुढं कसं?' हा प्रश्न तसाच राहिला. तो तिथे किती कुजला, ते कुणी विचारलं नाही.

हंगामाच्या रविवारी रूपरावांनी गरम पाण्याने गुळण्या केल्या, धुवट धोतर नेसलं आणि चिपळ्यांना खोबरेल चोळलं. श्रावणला द्यायच्या म्हणून आनंदाबाईने लाल कापडाचा नवा तुकडा काढून दिला होता. त्यात गुंडाळून त्यांनी त्या कोटाच्या खिशात घातल्या. आनंदाबाईच्या डोक्यावर ज्वारीच्या कणसांचा भारा. दोघं देवळाशी आले तेव्हा दार दरवर्षीसारखंच बंद होतं. देवळाची झाडलोट करणारा तानबा, त्याने सवयीने लावून घेतलं होतं. त्यामुळे रूपरावांना कसलाच संशय आला नाही. ढोलकीवाला दिसत नव्हता, टाळवाले दिसत नव्हते. भजनमंडळीतली शकुबाई तेवढी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन पायरीपाशी उभी होती.

"बाकीचे कुठं गेले वो?" तिने विचारलं.

"येतीन. नाई आले तरी श्रावण हाय ना आत," रूपराव म्हणाले. त्यांनी चिपळ्या कापडातून सोडवल्या, कापड पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवलं, आणि ओळ टाकली.

उघडा दार, धनी, उघडा दार...

आवाज त्या दिवशी लागला. देवाने एवढी दया केली होती. 'उघडा' फाटलं नाही. ओळ संपली. रूपराव दाराकडे तोंड करून थांबले. आतून झील आली नाही.

ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी चिपळ्या जोरात वाजवल्या आणि पुन्हा म्हटलं. या वेळी आतून उत्तर आलं ते ड्रमचं. धडाड करून दार हादरलं, मग कॅसिओ वाजायला लागला, आणि माइकवरून कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणालं. शकुबाईने टोपली खाली ठेवली. रूपरावांना वाटलं, पोरांचं काहीतरी सुरू झालं असेल, श्रावण त्यांना थांबवील. वेडा माणूस! त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. रस्त्यावरून कापसाची बैलगाडी चालली होती, तिचा गाडीवान मान वळवून बंद दारापुढे गाणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघत गेला.

मग बाजूच्या लहान दारातून श्रावण बाहेर आला. अंगात नवा पांढरा कुडता, स्वतः शिवलेला, छातीला गुलाबाचं फूल.

"भाऊ, तू इथं काऊन उभा? आत चाल. तुह्यासाठी समोर खुर्ची ठेवली हाये."

"झील काऊन नाई धरली तू?"

"अरे, यंदा कार्यक्रम बदलला ना. पाळकसायबानं नाई सांगतलं तुले?" श्रावण बोलत होता आणि रूपरावांच्या कोटाच्या गुंडीकडे बघत होता. "चाल ना, लोकं वाट पाहून राह्यले."

आनंदाबाई म्हणाली, "नोका जाऊ." पण रूपराव चिपळ्या खिशात टाकून गेले. श्रावण बोलावतोय म्हटल्यावर न जाण्याची त्यांना सवय नव्हती. कणसांचा भारा त्या वर्षी पहिल्यांदा बाजूच्या दाराने आत गेला, आणि तोही दार अरुंद म्हणून आडवा करून.

ढोलकीवाला, टाळवाले आधीच आत बसलेले होते. समोर खरंच खुर्ची होती, टेकायला उशी लावलेली. रूपराव बसले. पाळकसाहेबांनी माइक हातात घेतला.

"आपल्या मंडळीचे वडीलधारे रूपरावजी. तीस वर्षं यांनी दाराचं भजन म्हटलं. आता गळ्याने साथ सोडली आहे, हे त्यांनी स्वतःच श्रावणरावांना सांगितलं. आणि किती मोठं मन बघा, हे भजन यंदापासून तरुणांच्या कॉयरने बसवावं आणि श्रावणरावांनी पुढे उभं राहावं, असंही त्यांनीच सुचवलं. आपण टाळ्यांनी त्यांचे आभार मानू या."

टाळ्या झाल्या. रूपरावांनी श्रावणकडे पाहिलं. श्रावण माइकची वायर सरळ करत होता, सरळच होती ती. पाळकांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. विहिरीच्या कट्ट्यावर जे एका माणसाच्या कानात टाकलं होतं, ते देवळाच्या कमिटीपुढे मांडलं गेलं होतं. वर रूपरावांच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं होतं. शत्रूने मारलं असतं तर माणूस ओरडला असता. हा केसाने गळा कापलेला, त्याला ओरडताही येत नाही. मग श्रावणनेच शाल आणली आणि रूपरावांच्या खांद्यावर घातली. शिंप्याचा हात, शाल दोन्ही बाजूंनी अगदी समान पडली. रूपरावांना त्या शालीचं ओझं झालं.

मग विलासने गिटारवर बोटं फिरवली आणि श्रावण माइकसमोर उभा राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मुख्य ओळ म्हटली. उघडा दार, धनी, उघडा दार. चाल तीच होती, फक्त ढोलकीच्या जागी ड्रम, आणि दुप्पट घाईत, आगगाडी चुकणार असल्यासारखी. पोरापोरींनी झील धरली, लोकांनी टाळ्या धरल्या. खोटं कशाला सांगायचं, श्रावण चांगला गायला. त्याचा गळा मोकळा होता, चेहरा उजळला होता, आणि ते बघून रूपरावांना जास्तच लागलं. कारण हाच चेहरा त्यांना बघायचा होता. त्यांनी तो स्वतःच्या हाताने उजळवायचा बेत केला होता, आणि आता तो त्यांच्या पाठीमागून उजळून त्यांच्यासमोर गात होता. दुसऱ्या कडव्याला श्रावणने माइक त्यांच्यासमोर धरला, त्यांनी झील म्हणावी म्हणून. रूपरावांचे ओठ सवयीने हलले. मग त्यांनी तोंड मिटलं आणि ते मिटूनच ठेवलं. श्रावणने क्षणभर वाट पाहिली आणि माइक पोरांकडे वळवला.

अर्पणाची वेळ झाली. एकेक जण उठून वेदीपुढे आपलं पीक ठेवू लागला. आनंदाबाईने कणसांचा भारा ठेवला. तिच्यामागून रूपराव उठले. शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली. लोकांना वाटलं, म्हातारा गुडघे टेकणार. त्यांनी खिशातून चिपळ्या काढल्या, कोहळ्यांच्या आणि वांग्यांच्या मध्ये जागा करून तिथे ठेवल्या, आणि परत येऊन बसले. बऱ्याच जणांनी पाहिलंही नाही. श्रावण तेव्हा पोराशी काहीतरी कुजबुजत होता.

वाहिलेलं परत घेत नाहीत. उपासना झाली की सगळा माल बाहेर कडुलिंबाखाली मांडायचा आणि लिलाव करायचा, ही त्या दिवसाची शेवटची रीत. सगळ्यात जास्त हशा पिकायचा तो तिथे. बोली पुकारायला तानबा. त्याने कोहळी विकली, कोंबडी विकली आणि सुटलेली कोंबडी पुन्हा पकडून पुन्हा विकली. मग टोपलीतून चिपळ्या वर काढल्या.

"ह्या... ह्या कोनाच्या हायेत, ठाऊकच हाये," तो म्हणाला. "लिलावात कशा आल्या रे बापा?"

"वाहिल्या मी," कडुलिंबाच्या बुंध्याशी बसलेले रूपराव म्हणाले. "बोली पुकार."

जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. नव्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, विलासलाही नाही. त्या पोराने आपल्या परीने चांगलंच केलं. म्हाताऱ्याच्या वस्तूला कुणी बोली लावत नाही हे त्याला बरं वाटेना. "पाच रुपये!" तो ओरडला. "कॉयरमंधी वाजवू आमी."

"दहा," मागून आवाज आला. तो श्रावणचा होता.

बाप-लेकाची बोली लागली म्हणून लोक हसले. विलासही हसला आणि गमतीने म्हणाला, "पंधरा!" श्रावण हसला नाही. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला, चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला. "वीस," तो म्हणाला, आणि पोरावर खेकसला, "चूप राह्य तू!" तानबाने तीनदा विचारलं, आणि चिपळ्या श्रावणच्या हातात ठेवल्या. ठेवताना त्याने तोंड दुसरीकडे केलं होतं.

श्रावण तसाच रूपरावांपुढे येऊन उभा राहिला.

"ह्या काऊन टाकल्या लिलावात? नेम तुले ठाऊक नाई का?"

"ठाऊक हाये."

"मंग? माह्या तोंडाले काळं फासाले?" श्रावणचा आवाज चढला. "हो, मी सांगतलं कमिटीले! खोटं सांगतलं! तीस वर्सं दाराआळून झील देली म्या तुले. तुह्या फाटक्या ओळी शिवल्या. एक डाव, एक डाव तरी म्हनलं का तू, श्रावण, आज तू बाहेर ये, तू म्हन?"

"आज म्हननार होतो," रूपराव म्हणाले.

आनंदाबाई पुढे झाली. तिने नवऱ्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि लाल कापडाची घडी काढून श्रावणला दाखवली. "तुह्यासाठीच फाडलं होतं," ती म्हणाली. "मी म्हनत होती, आधी सांगून टाका. हे म्हनत, दारात देईन, त्याचं तोंड पाहीन."

लोक कोहळी, वांगी घेऊन आपापल्या घरी चालले होते. देवळात कुणीतरी ड्रमला खोळ घालत होतं. श्रावणने डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहत होते. त्याने चिपळ्या दोन्ही हातांवर ठेवून पुढे केल्या.

"भाऊ, घे. घे अन् तुह्या हातानं दे मले. चाल, पायरीवर चाल. इथं नोको देऊ."

रूपरावांचा हात उठला. तीस वर्षं त्यांनी टाकलेलं काही या माणसाने खाली पडू दिलं नव्हतं. पण हात चिपळ्यांपर्यंत गेला नाही. वाटेत त्यांनी तो आनंदाबाईच्या खांद्यावर ठेवला आणि त्या आधाराने उठले.

"तू इकत घेतल्या, श्रावण," ते म्हणाले. "आता माह्यापाशी द्याले काई नाई."

दोघं नवराबायको फाटकाकडे निघाले. श्रावण चिपळ्या पुढे धरून तिथेच उभा राहिला.